‘आज रात्री वीज कापणार’ असा मेसेज आला तर

असा मेसेज आला की घरातली वडीलधारी माणसं घाबरून लगेच फोन लावतात. आधी पाठवणारा बघा. साधा दहा आकडी मोबाइल नंबर असेल तर तो खोटाच समजा. बँक, वीज कंपनी यांच्या मेसेजवर अक्षरी नाव असतं; त्या नावाच्या शेवटी टी, एस, पी किंवा जी हे इंग्रजी अक्षर.

१. लिंक उघडू नका, उलट फोन करू नका.
२. स्क्रीनशॉट काढा.
३. मेसेज दाबून धरा, ‘ब्लॉक’ आणि ‘रिपोर्ट स्पॅम’ निवडा.
४. सरकारच्या ‘संचार साथी’ ॲपमधल्या ‘चक्षू’ या संशयास्पद कॉल-मेसेजच्या तक्रार विभागात ३० दिवसांच्या आत तक्रार नोंदवा. नुसत्या ब्लॉकने तो नंबर दुसऱ्यांना छळतच राहतो, म्हणून हे टाळू नका.

पैसे गेले असतील तर ‘चक्षू’त वेळ घालवू नका, तत्काळ १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.