चिमुकल्या जिम्नॅस्टचा व्हिडिओ: काढताना आणि टाकताना

मी लहान गटाची कोच आहे. चार ते आठ वर्षांची मुलं माझ्याकडे येतात. सराव बघायला आलेल्या जवळजवळ प्रत्येक पालकाच्या हातात मोबाइल असतो आणि त्यात वावगं काही नाही. मीसुद्धा व्हिडिओ काढते, कारण हँडस्टँडमध्ये, म्हणजे हातांवर उलटं उभं राहताना, कंबर कुठे ढिली पडते ते मुलाला सांगून कळत नाही, दाखवलं की पटकन कळतं. पण व्हिडिओ काढणं वेगळं आणि तो सगळ्यांसमोर टाकणं वेगळं. दोन्हीकडे मूल जपावं लागतं.

आधी काढण्याबद्दल. मुलाला सांभाळणाऱ्या हातात मोबाइल नको. ब्रिजमधून, म्हणजे मागे वाकून हातापायांवर केलेल्या कमानीतून, पाय वरून पलीकडे टाकताना माझा एक हात मुलाच्या पाठीखाली असतो आणि नजर त्याच्या कोपरांवर. कोपर वाकलं की डोकं जमिनीवर आपटायला क्षणही पुरतो, आणि स्क्रीनकडे बघणाऱ्याला ते दिसत नाही. घरी तर फक्त तेवढंच करू द्या जे मूल वर्गात कोणाच्या आधाराशिवाय नीट करतं. फरशीवर नको आणि पलंगावरही नको. पलंग सुरक्षित वाटतो, पण मऊ गादीत तळवा रुततो आणि मनगट नको तितकं मागे वळतं.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ‘परत कर’ची. माझ्या वर्गातल्या एका मुलीची कार्टव्हील (हातांवरून बाजूला चाकासारखी फिरत मारलेली उडी) छान झाली होती, पण आईला ती हसताना हवी होती. मग पाय फ्रेमच्या बाहेर गेले म्हणून परत, मागून कोणी गेलं म्हणून परत. शेवटी शेवटी तिचे गुडघे लँडिंगला आत पडायला लागले आणि हात जमिनीवर वाकडा टेकला. मी तिथेच थांबवलं. दमलेल्या मुलाची हीच खूण असते: गुडघे आत, कोपरं सैल, पाऊल घसटत येतं. कॅमेऱ्यासाठी वेगळी फेरी घेऊच नका. सरावाच्या ओघात जे टिपलं जाईल तेवढं पुरे. फोटोसाठी खांद्यावर दाब देऊन स्प्लिट (एक पाय पुढे, एक मागे पसरून बसणं) खाली नेणं किंवा पाय दोन खुर्च्यांवर ठेवून ताणणं, हे तर कधीच नाही.

आता टाकण्याबद्दल. 2019 च्या फेब्रुवारीत यूट्यूबने लहान मुलांच्या बहुतेक व्हिडिओंखालच्या कमेंट बंद केल्या. कारण मुलींच्या साध्या घरगुती व्हिडिओंखाली, ज्यांत जिम्नॅस्टिक्सचेही होते, काही पुरुष नेमके मिनिट-सेकंद लिहून एकमेकांना ‘इथे बघ’ म्हणून दाखवत होते. आईबापांनी कौतुकाने टाकलेलेच व्हिडिओ होते ते. यात दोष मुलीचा नाही, लिओटार्डचा, म्हणजे जिम्नॅस्टच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाचाही नाही. तरीही कोण बघतंय ते आपल्या हातात नसतं. काय दाखवायचं ते असतं.

म्हणून स्प्लिट, स्ट्रॅडल (दोन्ही पाय बाजूंना पसरणं), ब्रिज, स्ट्रेचिंग आणि लिओटार्ड नीट करतानाचे क्षण घरातच ठेवा. पदक घेतानाचा ट्रॅकसूटमधला फोटो, खडू लागलेले हात, बाजूने आणि लांबून घेतलेली उडी, हे चालेल. आणि व्हिडिओचं कव्हर, म्हणजे सुरू होण्याआधी दिसणारं चित्र, स्वतः निवडा. ॲप आपणहून एखादी फ्रेम उचलतं, आणि नेमकी पाय पसरलेलीच फ्रेम निघू शकते. टाकण्याआधी व्हिडिओ थांबवत थांबवत बघा. वेगात जे जाणवत नाही ते थांबलेल्या फ्रेममध्ये दिसतं.

टी-शर्टवरचं क्लबचं नाव, भिंतीवरचा बोर्ड, बॅचची वेळ, लोकेशन यांतलं काहीही दिसू देऊ नका. हे जोडलं की मूल कधी कुठे सापडेल ते कोणालाही कळतं. स्पर्धेचे फोटो तिथून निघाल्यावर टाका. मागे दुसऱ्याचं मूल असेल तर त्याच्या पालकांना विचारा, नाहीतर कापा.

इन्स्टाग्रामवर 13 वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं अकाउंट चालवता येत नाही. तुम्ही चालवत असाल तर प्रायव्हेट ठेवा आणि ज्यांना प्रत्यक्ष ओळखत नाही ते फॉलोअर काढा. प्रोफेशनल अकाउंट असेल तर सेव्हचा आकडा, म्हणजे किती जणांनी व्हिडिओ स्वतःकडे साठवून ठेवला ते बघा. लाइक थोडे आणि सेव्ह भरपूर असतील तर तो व्हिडिओ लगेच उतरवा.

‘प्रसिद्धी मिळाली तर पुढे निवड सोपी होईल’ असं पालक म्हणतात. निवड स्पर्धेतल्या गुणांवर होते, फॉलोअरवर नाही. मुलींना सीनियर गटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायला त्या वर्षी 16 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. हा नियम 1997 पासूनचा आहे. सहा वर्षांच्या मुलीला घाई कसली?

मुलाला विचारा. चार वर्षांचं मूलसुद्धा ‘हे आजीला दाखवू का? सगळ्यांना दाखवू का?’ याचं उत्तर देतं. नको म्हणालं तर त्याच्या समोरच डिलीट करा.

क्लबच्या संमतीपत्रात फोटोची ओळ वेगळी आहे का ते वाचा. सरावाला हो आणि प्रसिद्धीला नाही, असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. कोचने मुलाला एकट्याला मेसेज करू नये. पालक त्यात असलेच पाहिजेत. अमेरिकेत खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी असलेला सेफस्पोर्ट नियमही कोचने मुलाशी एकट्याने मेसेजवर बोलू नये असंच सांगतो. मी स्वतः फक्त पालकांशी बोलते.

अनोळखी माणूस लिहील, ‘आमचा लिओटार्डचा ब्रँड आहे, मोफत पाठवतो, मुलीचे अजून फोटो द्या.’ उत्तर देऊ नका, भांडूही नका. आधी प्रोफाइलच्या नावासकट स्क्रीनशॉट घ्या, मग रिपोर्ट करा आणि मग ब्लॉक. उलट केलंत तर पुरावा हाताशी राहत नाही. ज्या व्हिडिओवरून तो आला तो उतरवा, क्लबला कळवा, कारण तोच मेसेज बॅचमधल्या इतर घरांतही गेलेला असू शकतो. फोटो मागितले किंवा भेटायला बोलावलं, तर थेट पोलिसांकडे जा.