अर्थ सिस्टिम सायन्स: नाशिकमधून सुरुवात करणाऱ्यांसाठी

अर्थ सिस्टिम सायन्स म्हणजे खडक, हवा, पाणी आणि जीवसृष्टी यांचा एकत्र अभ्यास करणारं पृथ्वीचं शास्त्र. या विषयाकडे येणारी मुलं बीएस्सीला भूशास्त्र, रसायनशास्त्र, भूगोल नाहीतर वनस्पतिशास्त्र केलेली असतात. प्रत्येक विषय थोडाथोडा कळतो. पण खडक, हवा, पाणी आणि जीवसृष्टी यांनी एकमेकांना कसं घडवलं, तो धागा हाती लागत नाही. आमचा सल्ला असा, की एक मूलद्रव्य धरा आणि ते कुठून कुठे जातं याचा पाठपुरावा करा. नाशिककरांनी कार्बन धरावा, कारण त्याच्या प्रवासातला मोठा टप्पा ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या उतारांवर दर पावसाळ्यात घडतो.

इथला काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच्या सर्वात खालच्या थरांना शास्त्रीय लेखनात जव्हार आणि इगतपुरी हीच नावं आहेत. पावसाचं पाणी मातीत मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं. मुळं आणि जिवाणू श्वसन करत असल्याने मातीतल्या हवेत तो बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. हे सौम्य आम्ल बेसाल्टमधलं प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार हे कॅल्शियमयुक्त खनिज झिजवतं. चिकणमाती मागे उरते, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट पाण्याबरोबर जातात. म्हणजे झाडोऱ्यामुळे खडक लवकर झिजतो, आणि झिजलेला खडक हवेतला कार्बन कमी करतो. जीवसृष्टी आणि पर्यावरण बरोबरीने बदलतात, याचं इतकं हाताशी असलेलं उदाहरण दुसरं नाही.

हिशेब मात्र नीट करा. फेल्डस्पारमधला एक कॅल्शियम सुटायला कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू लागतात. गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्रात प्लवक आणि शिंपले त्या कॅल्शियमचं कवच करतात तेव्हा एक रेणू परत सुटतो. कायमचा अडकतो तो एकच. दोन धरले की पुढचं सगळं उत्तर दुप्पट येतं. वॉकर, हेज आणि कास्टिंग या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेलं पृथ्वीच्या तापमानाचं नियमन याच क्रियेवर उभं आहे. त्याला लाखो वर्षं लागतात, त्यामुळे आजच्या तापमानवाढीवर ते आपल्या हयातीत उतारा ठरणार नाही.

आता मोजायला शिका. वस्तीच्या वरचा ओढा निवडा. पॉलिथीनची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका. पीएच जागेवरच मोजा. मीटर त्याच दिवशी ४ आणि ७ च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर, लावून घ्या. घरी नेईपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच वर सरकतो. नुसता वायू उडाल्याने क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, बदलत नाही, पण बाटलीत चुना खाली बसला की तीही घटते, म्हणून बाटली थंड ठेवा आणि लवकर तपासा. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं १०० मिली पाणी घ्या, ब्रोमोक्रेसॉल ग्रीन-मिथाइल रेड या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे थेंब टाका आणि ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाने पीएच सुमारे ४.५ येईपर्यंत टायट्रेट करा, म्हणजे आम्ल मोजून थेंबाथेंबाने घाला. लागलेल्या दर मिलीमागे लिटरला १० मिलिग्रॅम क्षारता, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात. सर्वसाधारण नदीच्या पाण्यात बायकार्बोनेट हवं असेल तर त्याला १.२२ ने गुणा. कॅल्शियम-मॅग्नेशियमसाठी दुसरी बाटली ठेवून तिच्यात नायट्रिक आम्ल घालतात. हे आम्ल क्षारतेच्या बाटलीत पडलं तर तो नमुना वाया गेला.

शहराच्या खालचं पाणी सुरुवातीला घेऊ नका. सांडपाणी आणि खतांतल्या अमोनियमचं जिवाणू नायट्रिक आम्ल करतात, तेही खडक झिजवतं. कॅल्शियम वाढतं, पण हवेतला कार्बन खर्ची पडत नाही. दुसरी फसगत चुनखडीची. द्राक्षबागायतदारांना ती ओळखीची आहे, कारण अशा जमिनीत वेलीला लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. मातीतल्या पांढऱ्या खड्यांवर १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, फसफसलं तर तो कार्बोनेट. तो बेसाल्टपेक्षा फार लवकर विरघळतो, आणि त्यातून आलेलं बायकार्बोनेट दीर्घकालीन कार्बन-घटीत धरता येत नाही.

पावसाळ्यात पाण्यातलं प्रमाण कमी दिसतं, म्हणून झीज मंदावली असं समजू नका. प्रमाणाला प्रवाहाने गुणल्यावरच खरा भार कळतो, आणि बहुतेक भार त्याच महिन्यांत वाहतो. ओढ्याला अचानक लोंढा येतो, एकट्याने उतरू नका.

लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दिसणारा लाल पट्टा, रेड बोल, प्रत्येक वेळी जुनी जमीनच असेल असं नाही. काही ठिकाणी ती बदललेली ज्वालामुखी राख असते. मुळांच्या खुणा आणि खालच्या खडकात हळूहळू मिसळणारी सीमा दिसल्याशिवाय वहीत ‘प्राचीन माती’ लिहू नका.

हवेत ऑक्सिजन साठू लागला तो काळ सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीचा. नाशिकचा खडक त्यापुढे अगदी तरुण. तो ऑक्सिजन सोडणाऱ्या सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंचे खडकात उरलेले थर पाहायला उदयपूरजवळच्या झामरकोटड्याला जावं लागेल.

पुढच्या शिक्षणासाठी जॅम या एमएस्सीच्या देशव्यापी प्रवेश परीक्षेचा भूशास्त्राचा पेपर हा सरळ रस्ता: ३ तास, ६० प्रश्न, १०० गुण. रसायन किंवा भौतिकशास्त्रवाल्यांनी आपापल्या पेपरवर कोणते अभ्यासक्रम खुले आहेत ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावं. पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग, मुंबईत आयआयटी. संशोधनाला मान्सूनसाठी पुण्याची उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था, आयआयटीएम, जीवाश्मांसाठी लखनऊची बीरबल साहनी संस्था, ध्रुवीय अभ्यासासाठी गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, एनसीपीओआर. गणित टाळू नका. साठा भागिले ओघ एवढं जमलं की निवासकाळ, म्हणजे मूलद्रव्य एका साठ्यात सरासरी किती काळ राहतं ते, निघतो, आणि साधी अवकल समीकरणं आली की बॉक्स मॉडेल, म्हणजे साठे आणि त्यांच्यातले ओघ यांचं गणिती चित्र, स्प्रेडशीटवरही चालतं.

मुलाखतीला पाठ केलेल्या व्याख्यांपेक्षा स्वतःच्या नमुन्यांचा तक्ता न्या. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम एका बाजूला आणि बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट दुसऱ्या बाजूला, सगळं मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे विद्युतभाराच्या हिशेबात. दोन बेरजांतला फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर आधी क्षारतेचं टायट्रेशन आणि मग पातळ करतानाचा गुणक तपासा, बहुतेकदा चूक तिथेच असते.