वस्तरा दोन्ही हातांनी: डाव्या हाताला दाढी शिकवताना

उजव्या हातात वस्तरा धरून डावा गाल करायला घेतला की आरशात गाल दिसेनासा होतो, दिसतो तो आपलाच पंजा. मूठ नाकाला अडते, मनगट वाकडं होतं आणि नेमकं कानाजवळ, जिथे पात्याच्या टोकावर लक्ष हवं, तिथे सगळं अंदाजाने करावं लागतं. न्हावी एकाच हाताने सुरेख दाढी करतो, कारण तो खुर्चीभोवती फिरतो. स्वतःच्या चेहऱ्याभोवती आपल्याला फिरता येत नाही. म्हणून उजवी बाजू उजव्या हाताने आणि डावी बाजू डाव्या हाताने. (डावखुऱ्यांनी पुढचं सगळं उलट वाचावं.)

एका हाताने जमतच नाही असं नाही. हात चेहऱ्यावरून आडवा नेऊन आयुष्यभर व्यवस्थित दाढी करणारे आहेत. पण नव्याने वस्तरा हातात घेणाऱ्याने दोन्ही हातांनीच सुरुवात करावी. त्या दिवशी उजवा हातही डाव्याइतकाच अडाणी असतो. लिहिण्याची सवय वस्तऱ्याला फारशी उपयोगी पडत नाही. खरी पंचाईत वर्षानुवर्षं उजव्याने दाढी केलेल्यांची होते. उजव्याचा वेग त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो आणि डाव्याकडूनही ते तोच वेग मागतात.

आणखी एक गोष्ट आधीच लक्षात घेतलेली बरी. हात बदलला की कामही बदलतं. डाव्याने वस्तरा धरला म्हणजे कातडी ताणायचं काम उजव्याकडे आलं, आणि त्यालाही ते येत नसतं. डाव्या हाताच्या नावावर खपणाऱ्या निम्म्या जखमा खरं तर उजव्याने कातडी नीट न ताणल्यामुळे होतात.

धरायचं कसं

तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका पात्याच्या मानेवर, म्हणजे पातं संपून मूठ सुरू होण्याआधीच्या जाड भागावर, पाठीच्या बाजूने ठेवा. अंगठा खालून त्याच भागाला टेकलेला. करंगळी खिळ्यापलीकडच्या वळलेल्या शेपटीवर. मूठ सरळ रेषेच्याही पलीकडे उघडलेली आणि अनामिका व करंगळी यांच्या फटीतून वर निघालेली. डाव्या हातात हेच आरशातल्या प्रतिमेसारखं उलट होतं. बोटांची जागा चुकली तर पातं अंगठ्याभोवती फिरतं, आणि डाव्या हाताला ते फिरल्याचं कळतसुद्धा नाही. म्हणून पहिले काही दिवस प्रत्येक वेळी आधी उजव्या हातात धरून बघा, मग डाव्यात तसंच जुळवा.

पकड घट्ट नको. नखं पांढरी पडली असतील तर पकड फार आवळली आहे. निसटायची भीती वाटत असेल तर बोटं कोरडी करा, शेपटी आणि मान पुसून घ्या. ओल्या, साबण लागलेल्या बोटांनी कातडीही ताणता येत नाही. त्यावर तुरटीचा खडा उत्तम: ओल्या खड्यावर बोटांची टोकं घासली की कातडीवर पकड बसते.

कोणता वस्तरा

शिकण्यासाठी 5/8 इंच रुंदीचं, गोल टोकाचं पातं चांगलं. चौकोनी टोक कानाच्या पाळीला आणि नाकपुडीला लागतं. अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा स्वस्त असतो आणि धार लावायची कटकट नसते, पण तो हलका असतो, ब्लेडचे कोपरे धारदार असतात आणि कोन जरा चुकला तरी माफी नाही. डावा हात शिकवायला तो तितकासा बरा नाही. तोच असेल तर दाब आणखी कमी ठेवा आणि कोपऱ्यांवर नजर ठेवा.

धार उजव्या हाताने दाढी सहज होईल इतकी तरी असलीच पाहिजे. दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर 30 ते 50 फेऱ्या पुरतात: पाठ पुढे, धार मागे, पातं सपाट, आणि टोकाला पोचल्यावर पाठीवरून उलटवायचं. धारेवरून उलटवलं तर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. हे काम नेहमीच्याच हाताने करा. पट्ट्यावर डावा हात तयार करून दाढीत काहीच फायदा नाही.

धारेआधीचे दोन आठवडे

पहिला आठवडा वस्तऱ्याला हात न लावता. साबणाचा फेस डाव्या हाताने करा, ब्रश डाव्याने फिरवा. फेस लावून झाला की एखादं जुनं प्लास्टिकचं कार्ड डाव्या हातात घ्या आणि डाव्या गालावरचा फेस त्याच्या कडेने काढा, वस्तऱ्याने काढाल तसाच: 2-3 सेंटिमीटरच्या छोट्या ओढीत, कार्ड कातडीशी साधारण 30 अंशांत, उजव्या हाताने कातडी ताणून. मागे फेसाचे पट्टे राहिले तर कडेचा काही भागच टेकतोय. कार्ड वाकलं तर दाब जास्त आहे. हे पोरखेळ वाटेल, पण दाब आणि कोन या दोन्ही गोष्टी रक्त न काढता शिकवणारं दुसरं साधन नाही.

दुसऱ्या आठवड्यात फुगा. फुगवलेल्या फुग्यावर दाट फेस लावायचा आणि डाव्या हाताने खऱ्या वस्तऱ्याने तो काढायचा. धार आडवी सरकली किंवा टोक रुतलं की फुगा फुटतो. डोळे जपा, फुगा चेहऱ्यापासून लांब धरा. याच आठवड्यात वस्तरा डाव्या हाताने उघडणं, मिटणं आणि खाली ठेवणं सराईत करून टाका.

गाल

पहिल्यांदा धार टेकवायची ती डाव्या गालाच्या सपाट भागावर, कल्ल्यांच्या खाली, आणि फक्त केस वाढतात त्या दिशेने. बाकी दाढी उजव्या हाताने. पहिल्या दिवशी पाच-सहा ओढी पुरे.

कोमट पाण्याने चेहरा 2-3 मिनिटं ओला ठेवा आणि फेस लावूनही तितकाच वेळ जाऊ द्या. पाणी प्यायलेला केस सहज कापला जातो. डावा हात अजून चाचपडत असताना कडक केस म्हणजे नसतं संकट.

आता उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्या आणि बोटं डाव्या कानापुढे, कल्ल्यांच्या वर, कोरड्या जागी टेकवून कातडी वर ओढा. हात डोक्यावरून नेणं विचित्र वाटतं, पण समोरून नेलात तर तोच आरसा झाकतो. ताणणारी बोटं कायम धारेच्या मागे, म्हणजे धार जिथून निघाली तिथे असावीत. धारेच्या वाटेवर बोट नको.

पातं आधी गालावर सपाट टेकवा, मग पाठ उचला. 5/8 च्या पात्याची रुंदी सुमारे 16 मिलिमीटर असते. 30 अंशांवर पाठ कातडीपासून साधारण 8 मिलिमीटर वर येते. मोजायला पट्टी नको: पाठीच्या जाडीच्या दीड-दोन पट फट हा अंदाज पुरेसा आहे. मग खाली ओढा. दाब फक्त पात्याच्या वजनाचा.

डावा हात इथेच चुकतो. तो मनगटातून हलतो. मनगट फिरलं की पातं कमानीत जातं. वर 30 अंशांत सुरू झालेली ओढ जबड्यापाशी पोचेपर्यंत 45-50 वर जाते आणि धार कापायचं सोडून खरवडू लागते. उपाय कोपरात आहे. सुरुवातीला डावं कोपर बाहेर, जवळजवळ खांद्याच्या उंचीवर उचला, मनगट बांधल्यासारखं ठेवा आणि ओढ खाली जाईल तसं कोपर खाली आणा. हालचाल सगळी कोपरातून आणि खांद्यातून. प्रत्येक ओढीनंतर थांबायचं, पातं उचलायचं, कोन पुन्हा बसवायचा. दोन ओढी एकमेकींवर जरा चढवा.

आरशावर फार विसंबू नका. आरशात डावं-उजवं फारसं गोंधळवत नाही. गोंधळवतं ते पुढे-मागे. पातं कातडीपासून किती दूर आहे हे आरसा नीट सांगत नाही. ते पाठीच्या स्पर्शावरून आणि आवाजावरून कळतं. बरोबर कोनात केस कापले जाताना बारीक कुरकुर ऐकू येते. घासल्याचा खरखरीत आवाज आला तर कोन मोठा आहे. आवाजच नाही आणि केस जागेवरच, तर पातं फार सपाट पडलंय.

बिघडलं कुठे

केस ओढले जाऊन दुखत असतील तर तेच उजव्या गालावर उजव्या हाताने करून बघा. दोन्हीकडे ओढत असेल तर दोष धारेचा किंवा सुकलेल्या फेसाचा. फक्त डावीकडे ओढत असेल तर कोन.

दाढीनंतर डावा गालच लाल आणि चुरचुरणारा झाला, तर दाब. डाव्या हाताला खात्री नसते म्हणून तो दाबतो.

केसासारखी बारीक सरळ चीर पडली तर पातं धारेच्या लांबीच्या दिशेने आडवं सरकलं. वस्तऱ्याने कापून घ्यायची ही हमखास रीत: धार कातडीवर पुढे ओढली तर केस कापते, लांबीच्या दिशेने सरकली तर सुरीसारखी मांस कापते. जागच्या जागी जमवाजमव करताना पातं कातडीवरून उचलायचंच.

कानाजवळ ठिपक्याएवढी जखम म्हणजे टोक पुढे गेलं. कानाजवळ पात्याच्या टाचेकडचा, म्हणजे मानेजवळचा, भाग किंचित पुढे ठेवा आणि टोकावर नजर असू द्या.

जखम झालीच तर गार पाणी, त्यावर ओली तुरटी. त्या जागेवरून त्या दिवशी पुन्हा पातं नाही. हात घसरून वस्तरा पडलाच तर झेलायचा नाही. मागे सरका, पडू द्या. पातं गेलं तर गेलं.

जबडा आणि मान

गालावर सलग आठ-दहा दाढ्या रक्ताविना झाल्या की पुढे जा. जबड्याच्या हाडावर धार चालवायची नाही. हाडावरची कातडी ओढून गालाच्या सपाट जागी आणायची आणि मग तिच्यावर चालवायची. मान उजवीकडे वळवा, उजव्या हाताने डाव्या गालाची कातडी वर खेचा, जबड्याखालची दोन बोटं रुंदीची पट्टी वर येते. ती झाली की कातडी सोडा.

मानेवर घाई नको. तिथे केस कुठल्या दिशेने वाढतात हे आधी दोन दिवसांच्या खुंटांवरून बोट फिरवून पाहून ठेवा. पुष्कळांचे खालचे केस वर किंवा आडवे वाढतात आणि दोन बाजू सारख्या नसतात. डोकं मागे, हनुवटी उजवीकडे. वरून खाली ओढताना उजव्या हाताची बोटं जबड्याखाली. खालून वर नेताना बोटं गळपट्टीच्या हाडापाशी आणि ताण खाली. कंठमण्यावर कातडी बाजूला सरकवा, म्हणजे धार टेंगळावर न पडता त्याच्या शेजारी सपाटीवर पडते.

हनुवटी आणि वरचा ओठ हे सगळ्यात शेवटी, आणि ते कायम उजव्याच हाताकडे ठेवले तरी काही बिघडत नाही. तिथे पात्याचं टोक वापरावं लागतं, जागा अपुरी, केस राठ. डाव्याने करायचंच असेल तर ओठाचा डावा अर्धा भाग तेवढा घ्या: ओठ दातांवर खाली ओढून, उजव्या हाताने नाकाचा शेंडा वर करून, एका सेंटिमीटरच्या ओढीत.

हात बदलताना

भरल्या चेहऱ्याने वस्तरा या हातातून त्या हातात हवेत देऊ नका. पातं धुवा, नळाला टेकवू नका (धातूला लागलं की धारेची कपची उडते), मान पुसा, सपाट कोरड्या जागी ठेवा, मग दुसऱ्या हाताने उचला. पाच-सहा सेकंद जातात. मधल्या वेळात दुसऱ्या बाजूचा फेस सुकला असेल तर ओला ब्रश फिरवून घ्या.

उलट्या दिशेची, म्हणजे केसांच्या वाढीविरुद्धची, ओढ डाव्या हाताने पहिल्या महिन्यात नकोच. आधी आडवी शिका, मग उलटी, आणि उलटीत पाठ खाली आणा: पाठीच्या जाडीएवढी फट खूप झाली. दर वेळी नवा फेस लावा.

एवढं जमलं की डावी बाजू डाव्याचीच हा नियम सैल सोडता येतो. मानेवर आडवे वाढलेले केस किंवा जबड्याखालचा भोवरा आला की दोन्ही हातांनी कार्ड लावून पाहा. ज्या हाताने मनगट न मुरगळता धार केसांच्या दिशेला लागते आणि पातं आरशात दिसत राहतं, तो हात त्या जागेसाठी ठरवून टाका, मग ती जागा डावीकडे असो की उजवीकडे.