नटनट्यांच्या अंगावर आपला वेश: कौतुक कोठे संपते आणि बळकावणे कोठे सुरू होते, हे कसे ठरवावे

नारळी पौर्णिमा जवळ आली की एखाद्या प्रसिद्ध अभिनेत्रीचा कोळी लुगड्यातला फोटो मोबाइलवर फिरू लागतो आणि त्यावरून ठरलेले भांडण जुंपते. एक बाजू म्हणते की आपला वेश जगापुढे गेला, अभिमान बाळगा. दुसरी म्हणते की आमची संस्कृती बाजारात मांडली. दोन्ही बाजू फोटोकडे पाहूनच निकाल देतात आणि माझ्या मते चूक तेथेच होते, कारण ज्या गोष्टींवरून हा निकाल द्यायचा त्या फोटोत दिसतच नाहीत. ज्यांचा तो वेश आहे त्यांना विचारले होते का, त्यांचे नाव लागले का आणि त्यांच्या पदरात काही पडले का, हे आधी शोधावे लागते. डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत आपल्या किनारपट्टीवर मालिका, चित्रपट आणि जाहिराती यांच्या चित्रीकरणाची वर्दळ असते, म्हणून ही पारख आपल्याला यायलाच हवी.

सुरुवातीला नेमके काय उचलले आहे ते पाहावे, कारण सगळ्या गोष्टींचे वजन सारखे नसते. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेले कोळी लुगडे किंवा कमरेचा तिकोनी रुमाल हे पोशाख चिखलापाण्यातल्या कामाच्या सोयीतून आले आहेत. ते कोणी सणाला हौसेने नेसले तर त्यात कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही. दशावतार या कोकणातील लोकनाट्यातला राजाचा वेश मुळात नाटकाचाच असल्याने तो दुसऱ्या रंगमंचावर जाऊ शकतो, पण गणपतीचा मुखवटा ठेवलेल्या ज्या पेटाऱ्याची दशावतारी मंडळी पूजा करतात, तो कोणी निव्वळ सजावटीसाठी मागवला तर त्यांना वाईट वाटणारच. शिमग्याच्या पालखीचे तर आणखी वेगळे आहे. रुपे म्हणजे देवाचे धातूचे मुखवटे लावलेली ग्रामदेवतेची पालखी गावकऱ्यांनी बोलावून एखाद्या नटाच्या खांद्यावर दिली, तर तो गावचा पाहुणा आहे. मात्र तशीच पालखी स्टुडिओत उभारून तिच्याभोवती उत्तान नाच चित्रित केला, तर मानकऱ्यांचा राग अगदी रास्त ठरतो.

हा फरक मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो वारली चित्रांत. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक काढला जातो तो सवाशिणी काढतात, त्याच्या मधोमध पालघट देवी असते आणि लग्न लावणारी धवलेरी तेथे गाते. तारपा या फुंकवाद्याभोवती फेर धरणारी माणसे, भाताची खाचरे, झाडे आणि गुरे हीदेखील त्याच कलेतली, पण रोजच्या जगण्यातली चित्रे आहेत. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, जगभर नेली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून वारली चित्र विकले की वारल्यांचा अपमान झाला, असे सरसकट म्हणता येणार नाही. एखाद्या अभिनेत्रीने वारली कलाकाराकडून तारपा नाच रंगवून घेतलेली साडी नेसली आणि त्या कलाकाराचे नाव सांगितले, तर ती आनंदाची गोष्ट आहे. पालघट देवीचा चौक मात्र पायपुसण्यावर किंवा पोहण्याच्या कपड्यांवर छापला असेल, तर कलाकाराला पैसे दिलेले असले तरी हरकत घ्यावी.

त्यानंतर नाव शोधावे. फोटोखालचा मजकूर, ब्रँडचे संकेतस्थळ, त्या नटाच्या मुलाखती, जेथे म्हणून त्या वस्तूचा उल्लेख आहे ते सगळे वाचून काढावे. 'एथनिक', 'ट्रायबल' असे मोघम शब्द असतील आणि गाव, जमात किंवा कलाकार यांपैकी कोणाचाच पत्ता नसेल, तर संशयाला जागा आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. रंगवलेल्या कागदी चित्रांची पोथी उघडून एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरत रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगितली जाते. सावंतवाडी संस्थानाने या कलेला आश्रय दिला होता आणि पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या पोथीतला एखादा योद्धा कुर्त्यावर छापून खाली 'जुनी भारतीय कला' एवढेच लिहिले, तर चित्राची कथा सुटली, ठाकर समाज सुटला आणि पिंगुळीही सुटली. नाव लिहायला एक ओळ पुरते, आणि ती ओळ वाचून एखादा ग्राहक थेट पिंगुळीला पोहोचू शकतो. त्यामुळे हा प्रश्न मानाचा जितका आहे तितकाच पोटाचाही आहे.

नावाबरोबर पैशाचा माग कसा काढावा, हे घाटावरच्या एका ताज्या प्रकरणावरून शिकता येते. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलांसारख्या चपला दाखवल्या आणि त्यांचे वर्णन केवळ चामडी सँडल असे केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट भागातल्या मालाच्या नावाची कायदेशीर नोंद, मिळालेले होते. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा कोठून घेतली ते मान्य केले, तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली आणि डिसेंबर २०२५ मध्ये लिडकॉम व लिडकर या महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. सुमारे २,००० जोड येथेच तयार करून प्रत्येकी सुमारे ८०० युरोंना विकण्याची योजना जाहीर झाली. पहिल्या दिवशी झाले ते बळकावणेच होते आणि नंतर झाली ती भरपाईची सुरुवात, असे माझे मत आहे. भरपाई पुरी झाली की नाही हे करारावरच्या सह्यांवरून ठरणार नाही; ८०० युरोंपैकी शिवणाऱ्याच्या हातात किती पडले, हा प्रश्न विचारत राहिले पाहिजे. आपल्याकडच्या लहान प्रकरणांतही हाच प्रश्न आधी विचारावा. जाहिरातीत नाचलेल्या कोळी नृत्यपथकाला मानधन मिळाले की नुसते जेवण आणि फोटो, हे पथकातल्या कोणालाही विचारले तर कळते.

एकाच वेशावर दोन प्रामाणिक माणसांची मते उलटसुलट का असतात, याचेही कारण समजून घ्यावे. २०१६ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या, बऱ्याच अंशी मुंबईत चित्रित झालेल्या एका गाण्यात अमेरिकन गायिका बियॉन्से भारतीय वेशात आणि दागिन्यांत दिसली, तेव्हा येथल्या पुष्कळ लोकांना त्यात काही वावगे वाटले नाही, पण परदेशात वाढलेल्या अनेक भारतीयांना ते लागले. ज्यांना शाळेत टिकलीवरून चिडवले गेले, त्यांना तीच टिकली दुसऱ्याच्या कपाळावर फॅशन म्हणून मिरवताना पाहणे जड जाते. हे आपल्या घरातही घडते. जे लोक कोळीवाड्याची गाणी लग्नात लावून नाचतात, त्यांच्यातलेच काही मासळीची पाटी घेऊन लिफ्टमध्ये किंवा बसमध्ये चढलेल्या कोळणीला पाहून नाकाला रुमाल लावतात. म्हणून एखाद्या नटीने कोळी वेश केला की पहिले मत कोळणींचे घ्यावे, आणि तेही बाजारात बसणाऱ्या कोळणींचे. शेजारच्या आळीतल्या आपल्यासारख्यांचे मत त्यानंतर येते.

आक्षेप आल्यावर प्रसिद्ध व्यक्ती काय करते, यावरूनही तिचा हेतू कळतो. २०१९ मध्ये किम कार्दाशियन या अमेरिकन टीव्ही तारकेने आपल्या अंतर्वस्त्रांच्या ब्रँडला 'किमोनो' हे जपानी पारंपरिक पोशाखाचे नाव देऊन त्याच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. तिने किमोनो नेसला नव्हता. एका देशाच्या पोशाखाचे नावच आपल्या मालकीचे करण्याचा तो प्रयत्न होता. जपानमधून टीका झाली, क्योटोच्या महापौरांनी फेरविचार करण्याची विनंती करणारे पत्र लिहिले आणि काही आठवड्यांत ब्रँडचे नाव 'स्किम्स' झाले. त्या पत्राचा सभ्य आणि मुद्देसूद बाज आपण जरूर उचलावा.

आपले पत्र नटाला शिव्या देणारे नसावे, कारण कपडे बहुधा वेशभूषाकार ठरवतो आणि पैसे निर्मिती संस्था किंवा ब्रँड देतो; पत्र या तिघांनाही जावे. त्यात वस्तूचे नाव, ती कोणत्या समाजाची व कोणत्या प्रसंगाची आहे, आक्षेप नेमका कशाला आहे आणि काय केल्याने समाधान होईल, एवढेच लिहावे. त्यावर सही मच्छीमार सहकारी सोसायटी, दशावतार मंडळ, देवस्थान समिती अशा संबंधितांचीच घ्यावी. कायद्याचा आधार कोठवर मिळतो तेही ठाऊक असावे. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याने नोंदणी झालेल्या मालाच्या नावाला संरक्षण मिळते, पण वेश, नाच किंवा बोली यांना त्याचा उपयोग होत नाही. एखाद्या कलाकाराने स्वतः काढलेले चित्र कोणी जसेच्या तसे छापले, तर मात्र कॉपीराइटखाली त्याला स्वतःला दाद मागता येते. प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, कारण ती करणारे वकील या मानांकनाचे नोंदणीकृत धारक नव्हते. तेव्हा बाहेरच्या हितचिंतकांनी परस्पर कोर्टात धावण्यापेक्षा समाजाच्या संस्थेच्या मागे उभे राहावे.

चित्रीकरणवाले गावातच आले, तर हे सगळे आधीच लेखी करून घेता येते. ग्रामपंचायतीचा परवाना जागेपुरता असतो. देवाच्या, पालखीच्या किंवा दशावताराच्या खेळाच्या चित्रीकरणाला मानकरी, गुरव आणि मंडळ यांची वेगळी संमती हवी. श्रेयनामावलीत गावाचे आणि मंडळाचे नाव कसे येईल ते अक्षरशः लिहून घ्यावे. कलाकारांचे मानधन प्रत्येकाच्या नावे ठरवावे, आणि 'तुमची प्रसिद्धी होईल' हा मोबदला स्वीकारू नये. चित्रीकरण याच कामासाठी वापरले जाईल, जाहिरातीसाठी पुन्हा विकले जाणार नाही, असे कलम असावे. मालवणी संवाद असतील तर ते गावातल्या जाणत्या माणसाकडून आधी वाचून घ्यावेत, विशेषतः गाऱ्हाणे, म्हणजे देवापुढे घातले जाणारे साकडे, असेल तेव्हा, कारण खरे गाऱ्हाणे आणि त्याची नक्कल यांतला फरक बाहेरच्या लेखकाला सहसा कळत नाही. कोणते विधी कॅमेऱ्यासमोर होणार नाहीत त्यांची यादी कराराला जोडावी, आणि चित्रीकरण थांबवण्याचा अधिकार असलेली मंडळाची एक व्यक्ती सेटवर हजर राहील, हेही त्याच कागदात नावानिशी नोंदवावे.