स्पीकर आणि ॲम्प्लिफायर जोडताना या चुका टाळा

दुरुस्तीला आलेला ॲम्प्लिफायर उघडला की बऱ्याचदा आउटपुटचे ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेले दिसतात. मग मी विचारतो, किती स्पीकर लावले होते आणि कसे? उत्तर हमखास वॅटमध्ये येतं. "२०० वॅटचा ॲम्प्लिफायर, ५० वॅटचे चार स्पीकर. हिशोब बरोबर आहे ना?" बरोबर नाही. स्पीकरच्या पाठीवर किती वॅट छापलेत ते ॲम्प्लिफायरला कळत नाही. वायरच्या टोकाला किती ओहम, म्हणजे करंटला किती अडथळा लागलाय, एवढंच त्याला कळतं.

ओहम न मोजता बॉक्स वाढवत जाणं

ही चूक पाहून आता खरंच कंटाळा आलाय. बॉक्सच्या मागे दोन सॉकेट असतात. एकात वायर येते, दुसऱ्यातून पुढच्या बॉक्सला जाते. दिसायला सगळे एकामागोमाग, म्हणून लोक त्याला सिरीज समजतात. प्रत्यक्षात ती दोन्ही सॉकेट आतून पॅरलल जोडलेली असतात, आणि पॅरललमध्ये ओहम कमी होत जातात. ८ ओहमचे दोन बॉक्स लावले की ४, तीन लावले की २.७ च्या आसपास, चार लावले की २.

ॲम्प्लिफायर २० व्होल्ट देतोय असं धरा. ८ ओहमला अडीच अँपिअर करंट जातो, ४ ला ५ आणि २ ला १०. व्हॉल्यूमचा नॉब तिथल्या तिथेच आहे, पण मागणी ५० वॅटवरून २०० वर गेली. ज्याच्या पाठीवर 'किमान ४ ओहम' लिहिलंय त्याच्याकडून हे मागितलं की ट्रान्झिस्टर तापतात. प्रोटेक्शन चांगलं असेल तर तो बंद पडतो, नसेल तर जळतो.

एका सभागृहात कार्यक्रम सुरू असताना ॲम्प्लिफायर थोड्या थोड्या वेळाने बंद पडत होता. प्रोटेक्शनचा लाल दिवा लागायचा, आवाज जायचा, थोडा थंड झाला की परत सुरू. साउंड सांभाळणाऱ्या मुलाने त्याच्यासमोर टेबलफॅन लावला. मग दुसरा ॲम्प्लिफायर आणला. तोही तसाच बंद पडायला लागल्यावर लाइनला व्होल्टेज कमी आहे असं सगळ्यांचं ठरलं. मध्यंतरात मी ॲम्प्लिफायर बंद केला, स्पीकरची वायर मागून काढली आणि तिच्या टोकांना मीटर लावला. १.९ ओहम. ८ ओहमचे चारही बॉक्स एकाच चॅनलवर होते आणि दुसरा चॅनल रिकामा, कारण त्या बाजूला वायर पुरली नव्हती. शेवटच्या दोन बॉक्सची जोडवायर काढल्याबरोबर मीटर साडेतीनजवळ गेला. लांब वायर शोधून ते दोन बॉक्स दुसऱ्या चॅनलवर घेतले. पहिलाच ॲम्प्लिफायर परत लावला आणि उरलेला कार्यक्रम तो एकदाही न अडखळता चालला.

तेव्हापासून वायर ॲम्प्लिफायरला लावण्याआधी तिच्या टोकाला मीटर लावतो, कितीही घाई असली तरी. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. "आधी आवाज काढून बघू, हिशोब नंतर" म्हणणाऱ्याच्या हाती मी माझा ॲम्प्लिफायर देत नाही. एकाच चॅनलवर चार बॉक्स हवेच असतील तर दोन-दोनच्या सिरीज जोड्या करून त्या जोड्या पॅरलल घ्या. ८ ओहमचे चार बॉक्स मिळून परत ८ ओहमच होतात. पण चारही सारखेच हवेत. ४ आणि ८ ओहमचे पॅरलल लावले तर ४ वाला दुप्पट पॉवर खातो आणि तोच आधी जातो.

मीटरचा आकडा म्हणजेच इम्पिडन्स समजणं

"८ ओहमचा म्हणून घेतला, मीटरवर ६ दाखवतोय, फसवलं." कोणी फसवलेलं नाही. मल्टीमीटर डीसीवर व्हॉईस कॉइलच्या (स्पीकरचा पडदा हलवणाऱ्या गुंडाळीच्या) तारेचा रेझिस्टन्स मोजतो. इम्पिडन्स म्हणजे एसीला होणारा अडथळा, आणि तो फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो. ८ ओहमच्या वूफरचा (बासच्या स्पीकरचा) इम्पिडन्स रेझोनन्सजवळ, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला त्याचा पडदा सहज डोलतो तिथे, ३० ओहमच्याही वर जाऊ शकतो, मग सातच्या आसपास उतरतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला कॉइलच्या इंडक्टन्समुळे पुन्हा चढतो. छापलेला ८ हा नाममात्र आकडा आहे. आयईसी ६०२६८-५ या मानकाप्रमाणे इम्पिडन्स नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमला ६.४. क्रॉसओव्हर (बास आणि बारीक आवाज वेगवेगळ्या स्पीकरना वाटणारं सर्किट) असलेले काही बॉक्स मात्र याच्याही खाली जातात, म्हणून अगदी काठावरचा लोड मी कधी लावत नाही.

मीटर तरीही कामाचा आहे. साडेपाच ते सात दाखवला तर स्पीकर ८ ओहमचा, तीन ते साडेतीन दाखवला तर ४ चा. काहीच दाखवला नाही तर कॉइल किंवा वायर तुटलेली असते. फक्त ट्विटरसोबत (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरसोबत) कॅपेसिटर सिरीजमध्ये असेल तर मीटर काहीच दाखवणार नाही. अशा वेळी ट्विटर गेला म्हणून फेकू नका, थेट कॉइलवर मोजा.

ब्रिज मोड

ब्रिज म्हणजे ॲम्प्लिफायरच्या दोन चॅनलनी मिळून एकच स्पीकर चालवणं. तसं केलं की प्रत्येक चॅनलला निम्मे ओहम दिसतात. ८ ओहमचा बॉक्स ब्रिजवर लावला तर प्रत्येक चॅनल ४ ओहम चालवतो. म्हणून किमान ४ ओहमच्या ॲम्प्लिफायरवर ब्रिज करून ४ ओहमचा वूफर लावणं चूकच. क्लास-डीचे कितीतरी छोटे बोर्ड तर आतूनच ब्रिज असतात. त्यांचा मायनस ग्राउंड नसतो, त्यामुळे दोन चॅनलचे मायनस एकत्र करून एक वायर वाचवायला गेलात तर बोर्ड जातो.

रेझिस्टर लावून ४ चे ८ करणं

४ ओहमच्या स्पीकरला ४ चा रेझिस्टर सिरीजमध्ये लावला की पॉवर निम्मी रेझिस्टरच्या उष्णतेत जाते, स्पीकरला ५० वॅट मिळत असतील तर रेझिस्टरमध्येही ५० जळतात, आणि बास ढिला पडतो तो वेगळाच. हा जुगाड मला अजिबात मान्य नाही. ८ ओहमचा स्पीकर घ्या.

जास्त ओहमची उगाच भीती

ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरला १६ ओहमचा स्पीकर लावला तर काहीही जळत नाही. ८ च्या तुलनेत पॉवर निम्मी मिळते, म्हणजे ३ डेसिबलचा फरक. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला मात्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या ज्या टॅपवर (जोडणीच्या टोकावर) जितके ओहम लिहिलेत तितकेच द्या, आणि स्पीकर न लावता तो कधीही चालवू नका.

१०० व्होल्ट लाइनवर साधा स्पीकर

लांबवर बरेच स्पीकर चालवायला ॲम्प्लिफायर १०० व्होल्टवर आवाज पाठवतो ती ही लाइन. तिला ट्रान्सफॉर्मर असलेलाच स्पीकर लागतो. १० वॅटच्या टॅपला लाइनकडून १००० ओहम दिसतात, तुम्ही तिथे थेट ८ लावता. इथे बेरीज खरंच वॅटमध्ये करायची: सगळ्या टॅपची बेरीज ॲम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा थोडी कमीच ठेवा.

फ्यूज उडतो म्हणून जाड फ्यूज

नाही. कधीच नाही.

बारीक वायर

०.७५ चौरस मिलिमीटरची २० मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर तांबं, जवळपास ०.९ ओहम. ४ ओहमच्या बॉक्ससमोर हे फार झालं, पाचवा हिस्सा पॉवर वायरमध्येच जाते. एवढ्या अंतराला मी २.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरतो, तिचे ०.३ ओहमही होत नाहीत.