औषधांच्या पिशवीतली कोणती गोळी कशाची? नावाच्या शेपटीवरून ओळखा

आपल्या गावातल्या कोणत्याही घरी जा, देवळीत नाहीतर खुंटीवर औषधांची एक प्लास्टिकची पिशवी सापडतेच. ग्रामीण रुग्णालयातल्या, मेडिकलवरून घेतलेल्या, पोरानं नागपूरवरून आणलेल्या गोळ्या, सगळ्या एकत्र. कोणती कशाची विचारलं तर उत्तर येतं, "गुलाबी बीपीची, पांढरी शुगरची." पण कंपनी बदलली की गोळीचा रंगही बदलतो. रंगावर विसंबू नका.

आमच्या मामाजींचे, म्हणजे सासऱ्यांचे, घोटे सुजायला लागले. उठले की चक्कर यायची. आम्हाला वाटलं उन्हाचं असेल. एका संध्याकाळी मी त्यांची पिशवी बाजेवर रिकामी केली. बीपीच्या दोन पट्ट्या निघाल्या, एक सरकारी दवाखान्यातली, एक खाजगी डॉक्टरांची. वरची नावं वेगळी, गोळ्यांचे रंग वेगळे. पण खालच्या बारीक अक्षरांत दोन्हींवर एकच शब्द होता, अम्लोडिपीन. दोन महिने ते एकच औषध दुप्पट घेत होते. "मले का मालूम, दोन्ही डाक्टरनंच देल्ल्या," मामाजी म्हणाले. त्यांची चूक नव्हतीच, ती बारीक अक्षरं त्यांना कोणी वाचून दाखवली नव्हती. डॉक्टरांनी एक पट्टी बंद केली आणि सूज उतरली.

तुमच्या घरी हे करायला एक तास पुरेल. दुपारच्या उजेडात सगळी पिशवी चादरीवर ओता. शाळेत जाणारं एखादं लेकरू सोबत बसवा, पट्टीवरचं इंग्रजी ते वाचेल. पट्टीवरचं एक नाव कंपनीनं ठेवलेलं असतं, ते सोडा. त्याच्या जवळच, कधी बारीक तर कधी मोठ्या अक्षरांत, औषधाचं खरं नाव असतं. जनऔषधी केंद्रात याच नावानं गोळी मिळते. एकाच पट्टीत दोन-तीन औषधं असली तर सगळी लिहून घ्या.

आता त्या नावाची शेपटी बघा. माणसाच्या आडनावावरून घराणं कळतं, तसं औषधाच्या शेपटीवरून कूळ कळतं.

शेवटी 'सार्टन' (टेल्मिसार्टन, लोसार्टन), 'डिपीन' किंवा 'प्रिल' आलं की ती बहुतेक बीपीची. 'लॉल' म्हणजे अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल. या बीपीलाही देतात, हृदयालाही. आज बरं वाटतंय म्हणून यातली कोणतीही गोळी मनानं बंद करू नका. बीपी ताब्यात आहे ते गोळीमुळेच. 'स्टॅटिन' ही कोलेस्टेरॉलची.

शुगरच्या गोळ्यांना एक शेपटी नाही. मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्यायची. ग्लिमेपिराइडकडे मात्र नीट लक्ष द्या. ती घेऊन माणूस उपाशी राहिला की साखर एकदम खाली येते; घाम सुटतो, हातपाय थरथरतात, बोलणं बरळल्यासारखं होतं. आषाढी एकादशीला किंवा नवरात्रात घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा उपास असेल तर गोळीचं काय करायचं हे आधीच डॉक्टरांना विचारा. साखर अशी खाली आलीच आणि माणूस शुद्धीवर असेल, तर लगेच गूळ किंवा साखरेचं पाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालू नका, १०८ला फोन लावा.

'प्राझोल' (पँटोप्राझोल, ओमेप्राझोल) बहुतेक पित्ताची. सकाळी खाण्याच्या अर्धा तास आधी.

दुखण्याच्या गोळ्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पॅरासिटामॉल ताप आणि अंगदुखीसाठी. ती सर्दीच्या गोळीतही असते, कंबरदुखीच्याही. तीन पट्ट्यांत मिळून किती होते ते मोजा, कारण जास्त झाली तर लिव्हर खराब होतं. 'फिनॅक' शेपटीच्या (डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक) आणि आयबुप्रोफेन या सूज-वेदनेच्या. निंदणाच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत बाया रोज एक घेतात आणि वावरात जातात. पोटात पाणी कमी, वर ऊन, त्यात ही गोळी. सगळा भार किडनीवर पडतो. बीपीवाल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. गुडघ्याला 'एका दिवसात आराम' देणाऱ्या खुल्या पुडीपासून लांब राहा, तिच्यात स्टेरॉइड असू शकतं. त्यानं चेहरा सुजतो, शुगर चढते. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मात्र एकाएकी सोडायचं नसतं.

'सिलिन', 'मायसिन', 'फ्लॉक्सासिन' किंवा नावाच्या सुरुवातीला 'सेफ' म्हणजे बहुतेक अँटिबायोटिक, जिवाणू मारणारं औषध. पट्टीवर लाल उभी रेघही दिसेल. साध्या सर्दी-पडशावर यांचा उपयोग नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या चार गोळ्या शेजारणीला देऊ नका.

सेटिरिझिन खाज-ॲलर्जीची, तिनं झोप येते. घेऊन ट्रॅक्टर चालवू नका. गरोदर बाईला मिळणारी लाल गोळी लोह आणि फॉलिक ॲसिडची. तिनं शौच काळी होते, घाबरू नका, पण ती चहासोबत घेऊ नका.

ओळख पटली की प्रत्येक पट्टी वेगळ्या पाकिटात घाला. वर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: कोणाची, कशाची, किती वाजता, जेवणाआधी की नंतर. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य आणि चंद्र काढा. मुदत संपलेल्या आणि ओळख न पटलेल्या पट्ट्या बाजूला काढा, मेडिकलवाल्याला दाखवल्याशिवाय घेऊ नका. पट्टी कापताना नाव आणि तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा.

पिशवी टिनाच्या छताखाली टांगू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि बहुतेक गोळ्यांवर ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. फ्रिज नसेल तर इन्सुलिन पाणी लागणार नाही असं गुंडाळून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवा. आणि फवारणीच्या औषधाच्या बाटल्या त्या खोलीतसुद्धा नकोत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते आपण विसरलेलो नाही.

सेवाग्रामच्या दवाखान्यात किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजला जाताना नुसता कागद नाही, ही सगळी पाकिटं सोबत न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर मांडा. गोळी बदलली तर जुन्या पाकिटावर तिथेच काट मारून घ्या.