ख्रिस्ती म्हणवून घ्यायला नेमकं काय मानावं लागतं? इंदुरातल्या मराठी घरांसाठी

इंदुरात उपासना बहुतेक हिंदीत चालते आणि घरातलं बायबल मराठी असतं, म्हणून आधी शब्द जुळवून घ्या. तिथला ‘मसीही’ म्हणजे आपला ख्रिस्ती, ‘कलीसिया’ म्हणजे मंडळी, ‘क्रूस’ म्हणजे वधस्तंभ, ‘उद्धार’ म्हणजे तारण. (हे तारण बँकेतलं नव्हे.)

मग निकेया मतांगीकार, म्हणजे काय मानतो ते सांगणारं मंडळीचं ठरीव कबुलीवचन, हातात घ्या. 325 साली निकेयाच्या धर्मसभेत तो ठरला. आज म्हणतात ते रूप 381 च्या कॉन्स्टँटिनोपल सभेचं. दुसरा एक, प्रेषितांचा मतांगीकार, आखूड, पाठ करायला सोपा. पण ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या जुन्या मंडळ्यांच्या) उपासनेत तो म्हणत नाहीत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट यांना सामाईक आहे तो निकेयाचाच. एकेक ओळ वाचून थांबा आणि ती पटते का ते पाहा.

आपल्याकडे गाडी अडते ती दुसऱ्या कलमावर. ‘येशू हाही एक अवतारच’ असं म्हणून देव्हाऱ्यात आणखी एक तसबीर लावली, की मतांगीकार तिथेच मोडतो. तो म्हणतो: देव एकच, आणि येशू त्याचा एकुलता पुत्र, खरा देव, आणि माणूसही झालेला. ‘पुत्र’ हा शब्द शारीरिक जन्माचा नाही. पुत्र निर्माण केलेला आहे, असं एरियस नावाच्या धर्मगुरूचं म्हणणं होतं. ते खोडायलाच निकेयाची सभा भरली. त्यात पवित्र आत्मा धरला की त्रैक्य झालं: तीन देव नव्हेत, एकाच देवाची तीन रूपंही नव्हेत. हे जड जातं. बाप्तिस्म्यानंतरही पंडिता रमाबाईंचे अँग्लिकन धर्मभगिनींशी यावरून पत्रांतून खटके उडाले होते.

दुसरी खूण पुनरुत्थान. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात गाभा सांगितला आहे: ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. येशू थोर गुरू होता, एवढंच मानणारा त्याचा चाहता ठरतो. पापक्षमा, ख्रिस्ताचं पुन्हा येणं, मृतांचं उठणं याही ओळी मतांगीकारात आहेत.

आडनाव बदलणं, मांसाहार, दशांश (कमाईचा दहावा हिस्सा देणं), प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषांत बोलणं यांतलं काहीही त्यात नाही. पोप, मरियेची भक्ती, तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा हे पंथापंथांतले वाद. मतांगीकारातली ‘सार्वत्रिक मंडळी’ म्हणजे रोमन कॅथलिक, हा समजही चुकीचा. अर्थ एवढाच, की सगळ्या जगाची.

यहोवाचे साक्षीदार आणि मॉर्मन स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात, पण हे त्रैक्य मानत नाहीत. म्हणून मुख्य मंडळ्या त्यांना आपल्यात धरत नाहीत. मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असं कॅथलिक चर्चने 2001 साली जाहीर केलं.

म्हणून मंडळी बदलताना पाळकांना आधी सांगा, की बाप्तिस्मा पाण्याने आणि ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा’ यांच्या नावाने झाला होता का. झाला असेल तर बहुतेक मंडळ्या तो पुन्हा देत नाहीत. दाखला मात्र मागतात. बाप्टिस्ट मंडळ्या अपवाद: लहानपणी डोक्यावर ओतलेलं पाणी त्यांना चालत नाही, मोठेपणी पाण्यात पूर्ण बुडून यावं लागतं.